वीस जणांत दोन व्हर्नियर

बद्रीनाथ काळवण्यांना काम येत नाही, असं म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. वाळूजच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवायच्या विभागात, त्यांनी चोवीस वर्षं काढली होती. पत्रा दोन बोटांत धरून ते त्याची जाडी सांगायचे, आणि मागून कुणी मोजून पाहिलं तर फरक निघायचा केसाएवढा. नवा इंजिनिअर आला की साहेब त्याला आधी बद्रीनाथांच्या बाकाशी आणून उभा करायचे. पुढं कारखान्यानं टूलरूम परराज्यात हलवली, बद्रीनाथांनी घर सोडायला नकार दिला, आणि पन्नाशीला टेकताना ते पैठण रोडवर चितेगावच्या अलीकडं असलेल्या एका खासगी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निदेशक म्हणून लागले. निदेशक म्हणजे शिकवणारा मास्तर. नेमणुकीचा कागद दर वर्षी नवा व्हायचा, पण त्याची त्यांना फिकीर नव्हती. आपल्याला काम येतं, ते पोरांना सांगायचं, त्यात अवघड काय आहे, असं त्यांचं साधं गणित होतं.

तिथल्या चौथ्या वर्षी, फेब्रुवारीत, प्राचार्य इंद्रजीत सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि वीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढं सरकवला. पहिल्या वर्षाच्या मुलांकडून नाव न लिहिता मत घेतलं होतं. तपासणी येणार होती आणि फाइलीत असा कागद लागतो म्हणे. बहुतेक चिठ्ठ्यांवर "सर चांगले आहेत" एवढंच होतं. एकीवर मात्र निळ्या शाईत तीन ओळी होत्या. "सरांना सगळं येतं. पण सर जे शिकवतात ते फक्त सरांनाच कळतं. तास संपला की आम्ही जिथं होतो तिथंच असतो."

बद्रीनाथांनी ती दोनदा वाचली. त्यांच्या कानशिलाची शीर ताठ झाली. इंद्रजीत सर वयानं त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, संस्थाचालकांचे भाचे. ते हसत म्हणाले की मनावर घेऊ नका, हल्लीच्या मुलांना सगळं रंजक करून लागतं, तुमच्यासाठी एक प्रशिक्षण बघून ठेवलंय.

ते प्रशिक्षण जालना रोडवरच्या एका हॉटेलात झालं. विषय होता प्रभावी अध्यापन. पुण्याहून आलेल्या तरुण प्रशिक्षकानं चाळीस मास्तरांना गोल उभं केलं, प्रत्येकाच्या हातात फुगा दिला आणि तो हवेत ठेवत ठेवत शेजाऱ्याचं नाव विचारायला लावलं. मग सुप्रभात तीन वेगवेगळ्या सुरांत म्हणायला लावलं. दुपारी पडद्यावर हसरे चेहरे आले आणि वर्गात ऊर्जा कशी आणायची ते सांगितलं गेलं. तुम्ही काय शिकवता, तुमची मुलं कुठून येतात, ती कुठं अडतात, हे दिवसभरात कुणी कुणाला विचारलं नाही. संध्याकाळी प्रमाणपत्र मिळालं. बद्रीनाथांनी घरी येऊन ते कपाटावर टाकलं आणि बायकोला म्हणाले की चोवीस वर्षं मी लोखंड घासलं ते आता फुगे उडवायला का. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

राग प्रशिक्षणावर होता, पण त्याहून जास्त त्या निळ्या शाईवर होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तपासायला आलेली सगळी जर्नलं समोर घेतली आणि अक्षर जुळवायला बसले. दोन तास गेले. शेवटी त्यांचं बोट शिवराजच्या जर्नलवर थांबलं. पोरगा फुलंब्रीकडून रोज बसनं यायचा, मागच्या बाकावर बसायचा, डोळे मिटायचा. त्याचा 'ळ' तसाच वाटत होता. बद्रीनाथांनी त्याला वर्गात उभं केलं आणि ज्याला कानस धरता येत नाही त्यानं मास्तराला शिकवायला निघू नये, वगैरे बरंच सुनावलं. शिवराज मान खाली घालून ऐकत राहिला. त्याला काय झालंय तेच कळत नव्हतं.

दुसऱ्या बाकावरून राहत उठली. फिटर ट्रेडमधली ती एकटी मुलगी. तिचे वडील मजीदभाई यांचं रोशन गेटजवळ पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं.

"सर, ती चिठ्ठी माझी आहे," ती म्हणाली. "त्याला बोलू नका."

बद्रीनाथांनी आवाज खाली आणून विचारलं, की काय कळत नाही तुला, सांग.

"सर, तुम्ही व्हर्नियर हातात धरून समोरून दाखवता. त्याच्या रेघा केसासारख्या बारीक. ज्याच्या हातात असेल त्यालाच दिसतात. मला दुसऱ्या बाकावरून दिसत नाय, मागच्यांना काय दिसणार? मग तुम्ही विचारता, कळलं का. आम्ही हो म्हणतो."

"कळलं नसताना हो कशाला म्हणता?"

राहत म्हणाली, "नाय म्हटलं की तुम्ही तेच परत सांगता सर. जरा मोठ्यानं."

कुणी हसलं नाही, आणि तेच बद्रीनाथांना जास्त लागलं.

व्हर्नियर म्हणजे माप घ्यायचं साधन. एक पट्टी स्थिर, तिच्यावर मिलिमीटरच्या रेघा, आणि दुसरी तिच्यावरून सरकणारी, तिच्यावर पन्नास बारीक रेघा. सरकत्या पट्टीची कितवी रेघ वरच्या रेघेशी बरोबर जुळते ते बघून मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचायचा. फिटरची अक्षरओळख इथून सुरू होते. बद्रीनाथांनी ते सप्टेंबरातच शिकवून संपवलं होतं. आता त्यांनी वर्कशॉपमधल्या दोन व्हर्नियरपैकी एक घेतलं, त्याचं माप चोवीस पूर्णांक सेहेचाळीसवर घट्ट केलं आणि टेबलावर ठेवलं. एकेकानं यायचं, बघायचं, कागदावर आकडा लिहून द्यायचा. शेजाऱ्याशी बोलायचं नाही.

वीस कागद आले. सात जणांनी लिहिलं होतं २४.२३. त्यांनी जुळलेली तेविसावी रेघ बरोबर मोजली होती, पण तेवीस पन्नासांश म्हणजे ०.४६ हे केलं नव्हतं. चौघांनी २४.०४६ लिहिलं. दोघांनी चोवीस आणि तेवीसची बेरीज करून ४७. चार कागद कोरे. बरोबर तिघांचं, आणि त्यातली एक राहत, जी ते बापाच्या दुकानात शिकली होती. म्हणजे तिनं ती चिठ्ठी स्वतःसाठी लिहिलीच नव्हती.

बद्रीनाथ त्या दिवशी मोटारसायकलवर घरी जाताना सगळ्यांवर चिडले. पोरांना दशांश न शिकवता दहावी पास करणाऱ्या शाळांवर, भाच्याला प्राचार्य करणाऱ्या मामावर, त्या फुगेवाल्यावर. रेल्वे स्टेशनच्या उड्डाणपुलावर आल्यावर चिडायला दुसरं कुणी उरलं नाही. सहा महिने आपण एक बारीक रेघांची पट्टी मुठीत धरून बोलत होतो आणि समोरच्यांना ती दिसत नाही हे आपल्याला एकदाही सुचलं नाही. टूलरूममध्ये असा जॉब कुणी केला असता तर आपण त्याच्या तोंडावर फेकला असता.

रविवारी त्यांच्या बहिणीची मुलगी संस्कृती जेवायला आली. ती फुलंब्री तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि शहरातून रोज जाऊन-येऊन करायची. बद्रीनाथांनी तिला सगळी हकिगत सांगितली ती ही पोरगी आपली बाजू घेईल म्हणून. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"'कळलं का' म्हटलं की पोरं 'हो' म्हणतात, मामा," ती म्हणाली. "त्यानं तुमचं समाधान होतं. त्यांचं काय झालं ते मात्र तुम्हाला समजत नाही. शनिवारी सकाळची शाळा असते, या एकदा."

तिसरीच्या वर्गात मागं जमिनीवर मांडी घालून बसायला बद्रीनाथांना अवघडल्यासारखं झालं. संस्कृतीनं विचारलं, भाकरीचे सारखे चार तुकडे केले आणि दुसऱ्या भाकरीचे आठ केले, तर कुठला तुकडा मोठा? आणि ती गप्प बसली. बद्रीनाथ मनात आकडे मोजत होते, अकरापर्यंत पोचले. उत्तर त्यांच्याच तोंडून निसटायच्या बेतात होतं. मग तिनं सगळ्यांना पाटीवर लिहून एकदम पाट्या वर करायला सांगितलं. निम्म्याहून जास्त पाट्यांवर आठातला तुकडा मोठा होता, कारण आठ हा आकडा मोठा. ती कुणालाही चूक म्हणाली नाही. कागदाच्या पट्ट्या वाटल्या, घड्या घालायला लावल्या आणि पुन्हा गप्प. थोड्या वेळानं कोपऱ्यातली एक मुलगी शेजारणीला म्हणाली की अगं, जास्त जणांत वाटलं की लहानच येणार ना. पाट्या पुन्हा वर झाल्या तेव्हा बहुतेक बरोबर होत्या. ज्या दोन बरोबर नव्हत्या, त्या दोघांजवळ संस्कृती जाऊन बसली.

परतीच्या वाटेवर बद्रीनाथांच्या मनात तेच घोळत होतं. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना कुठं अडलंय हे तिला दोन मिनिटांत कळलं होतं, आणि आपल्याला सहा महिन्यांत नाही.

सोमवारी त्यांनी तसं करून पाहिलं आणि ते पार फसलं. त्यांनी प्रश्न विचारला आणि हाताची घडी घालून गप्प उभे राहिले. वीस पोरांना वाटलं की सर भडकलेत. कुणी मान वर करेना. शेवटी शिवराज उठून म्हणाला, "सर, आमचं काय चुकलं?" बद्रीनाथांनी हाताची घडी सोडली. मग म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. त्या दिवशी मी तुला उगाच बोललो. ते माझं चुकलं." हे म्हणताना त्यांची नजर खिडकीबाहेर होती. मास्तरानं असं म्हणायचं असतं का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शिवराजही कसनुसा हसून खाली बसला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी चितेगावच्या किराणा दुकानांतून रिकामी खोकी गोळा केली. प्रत्येकानं पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापायच्या. एकीवर दहा-दहा मिलिमीटरवर रेघा, दुसरीवर नऊ-नऊवर. हाताएवढं व्हर्नियर, ज्याच्या रेघा मागच्या भिंतीपासूनही दिसतील. पट्ट्या कापण्यातच दोन दिवस गेले, दोघांच्या रेघा वाकड्या आल्या, इंद्रजीत सर दारातून डोकावून गेले. तिसऱ्या दिवशी बद्रीनाथांनी सरकत्या पट्टीची शून्याची रेघ जराशी सरकवली आणि विचारलं की आता कितवी रेघ जुळते, आणि का. पाट्या नव्हत्या, म्हणून जुन्या जर्नलांचे पाठकोरे कागद वर करायचे.

'का'चं उत्तर बद्रीनाथांना स्वतःलाही नीट सांगता येत नव्हतं. त्यांना ते इतकं आतून येत होतं की त्याला शब्दच नव्हते. ते सांगितलं शिवराजनं, आणि तेही सरांना नाही, शेजारच्या फरदीनला. "हे बघ, बाप आन् लेक बरोबर चालायलेत. बापाचं पाऊल मोठं, लेकाचं जरा लहान. निघताना लेक थोडा पुढं हाय. मग कितव्या पावलाला दोघांचा पाय एका रेषेत पडतो ते मोजायचं. लेक जितका पुढून निघाला, तितकी जास्त पावलं लागत्यात." फरदीननं पट्टी सरकवली आणि मान हलवली. बद्रीनाथ मागं उभे होते. चोवीस वर्षं व्हर्नियर हाताळलेल्या माणसानं ते पहिल्यांदा असं ऐकलं. त्यांनी शिवराजला फळ्याशी बोलावलं आणि स्वतः त्याच्या बाकावर जाऊन बसले.

मार्च संपेपर्यंत पुठ्ठ्याच्या पट्टीवर सगळे वाचायला लागले. आता खऱ्या व्हर्नियरवर हात बसायला हवा होता आणि तिथं घोडं अडलं. वीस जणांत दोन व्हर्नियर. त्यातल्या एकाचा जबडा झिजलेला. एका तासात एका पोराच्या वाट्याला चार-पाच मिनिटं यायची. बद्रीनाथ स्टोअरमध्ये बन्सीकडं गेले. बन्सी वीस वर्षांचा जुना स्टोअरकीपर, बोलायचा कमी. आणखी दोन-चार मागवता येतील का, असं त्याला विचारलं.

"मागवायची काय गरज?" बन्सीनं डेडस्टॉक रजिस्टर उघडून बोट ठेवलं. "दहा हायेत की. नवे. त्या कपाटात."

प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या व्हरांड्यात काचेचं कपाट होतं. बद्रीनाथ चार वर्षं त्याच्यावरून येत-जात होते. आत ओळीनं लांबट निळे डबे होते, त्यांना ते शोभेचे वाटायचे. बन्सीनं किल्ली लावून एक काढून दिला. आत तेलकट कागदात गुंडाळलेलं व्हर्नियर, कारखान्यातून निघालं तसं. जबड्यांना अजून तेल होतं. त्याच्याजवळच याहूनही बारीक माप घ्यायचे दहा मायक्रोमीटर होते, तेही तसेच.

"चार वर्षं झाली आणून," बन्सी म्हणाला. "तपासणीला काचेतून दाखवायचे, कुलूप तसंच."

बद्रीनाथ तडक केबिनमध्ये गेले. इंद्रजीत सर फोनवर होते, ते आटपेपर्यंत उभे राहिले, आणि मग व्हर्नियर टेबलावर ठेवून विचारलं की ही पोरांना का मिळत नाहीत.

"सर, तुमचं पुठ्ठ्यावर इतकं छान चाललंय," इंद्रजीत सर म्हणाले. "मी फोटो टाकलेत संस्थेच्या पेजवर. लोक कौतुक करतायत. आणि नव्या वस्तू पोरांच्या हातात दिल्या तर तपासणीला काय दाखवायचं?"

"पोरं दाखवा," बद्रीनाथ म्हणाले.

इंद्रजीत सरांना ते विनोदासारखं वाटलं. त्यांनी डबा परत बन्सीकडं पाठवला. बद्रीनाथांनी दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला. आठवड्यानं दुसरा दिला. दोन्हींवर 'पाहिले' असा शेरा येऊन ते परत आले. आता व्हरांड्यातून जाताना त्यांना त्या कपाटाकडं बघवत नव्हतं, आणि बघितल्याशिवाय जाताही येत नव्हतं. वर्गात पोरं रांग लावून चार मिनिटांची वाट बघत, आणि वीस पावलांवर दहा व्हर्नियर तेलात झोपलेली. मागच्या दोन तुकड्याही अशाच या कपाटावरून येऊन-जाऊन बाहेर पडल्या असतील, हे मनात आलं की ते तिथंच थबकायचे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणी समिती आली. तिघे जण. सकाळी दहाला बन्सीला कपाट उघडायचा हुकूम झाला. वर्कशॉपच्या टेबलांवर पांढरी कापडं अंथरली गेली आणि दहा व्हर्नियर, दहा मायक्रोमीटर मांडले गेले. इंद्रजीत सरांनी येऊन पोरांना सांगितलं की एकेक हातात धरून उभं राहा, उगाच सरकवत बसू नका. पोरं धरून उभी राहिली. राहतनं तेलाचा बोटांना लागलेला ओशटपणा ओढणीला पुसला आणि बद्रीनाथांकडं बघितलं. त्यांनी मान फिरवली.

समितीतले एक गृहस्थ वयस्कर होते, कधीकाळी शॉपफ्लोअरवर काम केलेले असावेत, कारण ते कागद न बघता आधी बाकांवरच्या शेगड्यांचे, म्हणजे लोखंड पकडायच्या व्हाइसचे, जबडे बघत फिरले. मधेच त्यांनी पोलादाचा एक गोल तुकडा उचलून समोरच्या पोराला दिला. तो शिवराज होता. माप सांग, म्हणाले.

शिवराजनं आधी जबडे मिटवून शून्य बघितलं. मग तुकडा पकडला, नंतर जरा फिरवून पुन्हा पकडला. पट्टी डोळ्यांसमोर आणली. त्याचे ओठ हलत होते, बहुधा बाप आणि लेक चालत होते. "अठरा पूर्णांक बहात्तर," तो म्हणाला. गृहस्थांनी स्वतः बघितलं. "का फिरवलास?" "एका बाजूनं झिजलेला असला तर, सर."

गृहस्थ खूश झाले. इंद्रजीत सर पुढं झाले आणि म्हणाले की आमच्याकडं दर दोन विद्यार्थ्यांमागं एक साधन असतं, रोजचा सराव असतो, म्हणून हे शक्य होतं.

बद्रीनाथांनी आदल्या दिवशी ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. नेमणुकीचा कागद जुलैत नवा व्हायचा होता. पण शिवराजनं जे कमावलं होतं ते त्याच्या डोळ्यांदेखत कपाटाच्या नावावर चढत होतं.

"साहेब," ते म्हणाले, "ही व्हर्नियर आज सकाळी दहा वाजता पहिल्यांदा पोरांच्या हातात आलीत. जबड्यांचं तेल बघा. ही पोरं पुठ्ठ्यावर शिकलीत. चार वर्षं ही साधनं कुलपात आहेत, माझे दोन अर्ज नुसतं 'पाहिले' लिहून परत आलेत."

आवाज चढला नव्हता. इंद्रजीत सरांचा चेहरा विटला. गृहस्थांनी एका व्हर्नियरच्या जबड्यावरून बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं, रुमालाला पुसलं. "बरं," म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडं गेले. दुपारी समिती जेवली आणि निघून गेली.

चार वाजता बन्सी साधनं परत न्यायला ट्रे घेऊन आला. बद्रीनाथांनी त्याला ट्रे खाली ठेवायला सांगितला आणि इश्यू रजिस्टर आणायला लावलं. निदेशकाच्या सहीनं साधनं विद्यार्थ्यांना वापरायला देता येतात, हे त्याच रजिस्टरच्या पहिल्या पानावर छापलेलं होतं. बन्सी म्हणाला की माझ्या गळ्याशी येईल. "माझ्या सहीनं दे," बद्रीनाथ म्हणाले. बन्सीनं रजिस्टर उघडलं. मग त्यानं खिशातलं पेन काढून दिलं आणि एकेका व्हर्नियरचा नंबर वाचून दाखवू लागला. पोरांच्या दहा जोड्या, वीस सह्या.

इंद्रजीत सरांनी दुसऱ्या दिवशी सगळा स्टाफ ऐकेल अशा आवाजात त्यांना विचारलं की संस्था तुमची आहे का. साधनं संध्याकाळपर्यंत कपाटात हवीत.

"लेखी द्या," बद्रीनाथ म्हणाले. "साधनं विद्यार्थ्यांना द्यायची नाहीत, कपाटात ठेवायची, एवढं सहीनिशी द्या. मी तासाभरात परत करतो."

तो कागद कधीच आला नाही. असं सहीनिशी कोण लिहून देणार? व्हर्नियर वर्गातच राहिली. त्याऐवजी बद्रीनाथांना समितीसमोर केलेल्या वर्तनाबद्दल खुलासा मागणारी नोटीस आली. त्यांनी तिला दोन ओळींचं उत्तर दिलं, की बोललो ते खरं आहे, खोटं असल्यास दाखवून द्यावं.

जूनमध्ये समितीचा अहवाल आला. बन्सीनं त्याची झेरॉक्स गुपचूप आणून दाखवली. "साधनसामग्री पुरेशी व सुस्थितीत आढळली. विद्यार्थ्यांची कौशल्ये समाधानकारक. निदेशकांनी समितीसमोर अनावश्यक विधाने टाळावीत." बद्रीनाथांनी ते तीनदा वाचलं. त्या वयस्कर गृहस्थांचं बोट त्यांना आठवलं, तेल लागलेलं. अहवालाखाली तिसरी सही त्या गृहस्थांचीच होती. बद्रीनाथांनी कागद बन्सीला परत केला आणि वर्गात जाऊन मायक्रोमीटरचा धडा सुरू केला. त्या तासाला त्यांचा खडू दोनदा मोडला.

नेमणूक झाली, पण वर्षाऐवजी सहा महिन्यांची. पोरांची परीक्षा झाली. प्रात्यक्षिकात वीसच्या वीस पास झाले आणि पेजवर इंद्रजीत सरांचा हसरा फोटो झळकला. राहतनं तो मोबाइलवर बद्रीनाथांना दाखवला. ती म्हणाली की सर, तुमचं नाव कुठंच नाय. ते म्हणाले, नसू दे, व्हर्नियर आहेत ना हातात. पण हे म्हणताना ते दाखवत होते तितके शांत नव्हते.

ऑगस्टमध्ये पोरांच्या शिकाऊ उमेदवारीचं बोलायला ते चितेगावच्या एका कारखान्यात गेले. काम आटपून निघताना पॅकिंगच्या शेडमधून कुणीतरी "सर" अशी हाक मारली. शिवम होता, त्यांच्या पहिल्या तुकडीतला. हातात चिकटपट्टीचा रोल, समोर खोक्यांची चळत.

"तू फिटर ना रे?" बद्रीनाथांनी विचारलं. "इथं काय करतोस?"

"पहिल्याच दिवशी सुपरवायझरनं व्हर्नियर दिला हातात, सर. वाचता आला नाय. मग इकडं टाकलं. दीड वर्ष झालं." शिवम ओशाळून हसला. "चूक माझीच हाय सर. तुम्ही तर लई चांगलं शिकवायचे. मीच ध्यान दिलं नाय."

बद्रीनाथांना कुणी शिवी दिली असती तरी ती परवडली असती. तो पोरगा मनापासून माफी मागत होता, आणि ती कुणी कुणाची मागायची हे त्याला माहीतच नव्हतं. "तुझी नाही रे चूक," ते म्हणाले. शिवमला वाटलं की सर मोठ्या मनानं बोलतायत. त्यानं वाकून पाया पडायला हात पुढं केला. बद्रीनाथांनी त्याचे दोन्ही हात धरून त्याला उभं केलं, आणि शेडमधली माणसं बघत असताना त्याला तिथंच सांगितलं, की तुला कुणी शिकवलंच नव्हतं, मी समोर उभा राहून नुसता बोलत होतो, हे नीट ऐकून घे.

आयटीआयमध्ये परतल्यावर त्यांनी बन्सीकडून त्या तुकडीचं हजेरीपत्रक मागून घेतलं आणि वीस नावं उतरवून काढली. रविवारी वर्कशॉप उघडायला इंद्रजीत सरांनी सुरक्षेचं कारण सांगून नकार दिला. तेव्हा राहतनं वडिलांना विचारलं. मजीदभाई म्हणाले की रविवारी सकाळी दुकान रिकामंच असतं, बाक आहे, शेगडा आहे, चहा आहे, और क्या चाहिए.

पहिल्या रविवारी शिवम धरून सहा जण आले. तिघांचे फोन बंद होते. एक जण पुण्यात रिक्षा चालवत होता, तो म्हणाला की आता काय उपयोग सर. दोघांनी उचलून "येतो" म्हटलं आणि आले नाहीत. राहतनं पुठ्ठ्याच्या पट्ट्या वाटल्या. सहा मोठी माणसं, त्यातला एक लग्न झालेला, मोटारींच्या मधे खाली बसून रेघा आखू लागली. बद्रीनाथ त्यांच्यामध्ये उकिडवे बसले. यादी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. चौदा नावांपुढं अजून काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि दुसऱ्या तुकडीची यादी तर त्यांनी अजून काढलीही नव्हती.